‘दाहिने’ म्हणजे उजवीकडे: बेळगाव भागातल्या कॅडेटांसाठी ड्रिल स्पर्धेची तयारी

शाळेच्या मैदानावर 33 मुलं तीन रांगांत उभी होती. मी आवाज दिला, ‘दाहिने मुड!’ आणि मधल्या रांगेतली दोन पोरं नाकाला नाक लावून एकमेकांकडे बघत राहिली. चुकलेला पोरगा खानापूर रस्त्याकडच्या एका गावातला होता. घरात मराठी, शाळेत मराठी. तो डावीकडे वळला होता आणि वर मलाच सांगत होता, ‘सर, मी बरोबर वळलोय की!’ दहा मिनिटांनी ‘बाएँ मुड’ दिलं. या वेळी चुकला तो कन्नड घरातला मुलगा, आणि तो उजवीकडे वळला.

त्या दिवशी मी दोघांनाही मैदानाला एक चक्कर मारायला लावली. आता वाटतं, चक्कर मला मारायला हवी होती. मराठी कानाला ‘दाहिने’मधला ‘दा’ ‘डावी’तल्या ‘डा’सारखा लागतो. कन्नडमध्ये उजवीकडे म्हणजे ‘बलक्के’, डावीकडे म्हणजे ‘एडक्के’. म्हणून ‘ब’नं सुरू होणारा ‘बाएँ’ कन्नड कानाला उजवीकडे ओढतो. एकच हुकूम, एकच टोली, आणि दोन भाषांची मुलं दोन उलट दिशांना चुकतात. पुण्या-मुंबईच्या उस्तादाला, म्हणजे ड्रिल शिकवणाऱ्याला, हे लवकर कळत नाही. त्याला वाटतं, पोरं गाफील आहेत.

एन.सी.सी.चे हुकूम देशभर हिंदीत चालतात. 1948 च्या कायद्यानं उभी राहिलेली ही संघटना, ‘एकता और अनुशासन’ हे तिचं ब्रीद. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातला मुलगा मात्र आठवीत एन.सी.सी.ला येतो तेव्हा त्याच्या डोक्यात उजव्या-डाव्याच्या चार जोड्या असतात: घरची मराठी, रस्त्यावरची कन्नड, पी.टी.च्या तासाची इंग्रजी आणि आता ही परेडची हिंदी. शाळेत ‘उजवीकडे वळ’ ऐकून मोठा झालेला मुलगा ‘दाहिने मुड’चं आधी मनात भाषांतर करतो आणि मग वळतो. त्या भाषांतराला जो अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात बाकीची रांग वळून मोकळी झालेली असते. म्हणून या लेखात मी पायाच्या आधी कानावर वेळ घालवणार आहे.

पहिला आठवडा: पाय हलवायचा नाही

जून-जुलैत आमच्याकडे मैदान वापरायची सोयच नसते. लाल माती बुटाला अशी चिकटते की पोरगा दोन इंच उंच होतो. हा काळ वाया गेला असं समजू नका, कान तयार करायला हाच बरा. सगळ्यांना व्हरांड्यात मांडी घालून बसवा, डोळे मिटायला सांगा. तुम्ही फक्त ‘दाहिने’ किंवा ‘बाएँ’ म्हणा. त्यांनी तो हात वर करायचा. रोज दहा मिनिटं पुरे. पहिल्या दिवशी डोळे उघडून एकमेकांचे हात बघितल्यावर हशा होतो, होऊ दे. चौथ्या-पाचव्या दिवशी चुकणारे तीन-चारच उरतात, आणि ते कोण हे तुम्हाला स्पर्धेच्या दोन महिने आधी कळलेलं असतं. त्या तीन-चार जणांना वेगळं बसवून पुन्हा घ्या. पायाचं ड्रिल त्यांचंही बाकीच्यांइतकंच चांगलं असू शकतं.

आठवण ठेवायला खूण द्या, पण खूण त्यांच्या अंगावरचीच असावी. ‘दाहिने म्हणजे जेवायचा हात’ हे मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत चालतं. डावखुऱ्या मुलालाही घरात आजीनं कधी तरी टोकलेलंच असतं, त्यामुळे त्यालाही ते पटतं. श्रावणात राखी बांधली जाते ती उजव्या मनगटावर, तीही खूण चांगली. स्पर्धेच्या दिवशी मात्र मनगटावर दोरा, राखी, गंडा काही दिसता कामा नये. तोपर्यंत खुणेची गरज संपलेली असावी.

एक गोष्ट कटाक्षानं टाळा: हिंदी हुकूम देऊन लगेच मराठीत ‘म्हणजे उजवीकडे’ असं सांगणं. मी पहिली दोन वर्षं हेच केलं. मुलं दुसऱ्या शब्दाची वाट बघायला शिकली. हुकूम हिंदीतच ऐकायचा आणि अंगानंच समजायचा.

हुकमाचे दोन तुकडे

प्रत्येक हुकमात सावध करणारा भाग आणि अंमलाचा भाग असे दोन तुकडे असतात. ‘दाहिने... मुड’ यात ‘दाहिने’ ऐकून काय करायचं ते ठरवायचं, ‘मुड’ ऐकून करायचं. ‘तेज... चल’चंही तसंच. ‘सावधान’ हा एकच शब्द असला तरी देणारा ‘साव’ लांबवतो आणि ‘धान’ तोडतो. पहिला तुकडा लांब आणि समतल, दुसरा आखूड आणि वरच्या पट्टीत. मधली शांतता सगळ्यात महत्त्वाची, कारण टोली एकत्र येते ती त्या शांततेत.

नवीन टोलीचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे घाई. ‘पीछे’ ऐकलं की अर्ध्या मुलांचे खांदे हलायला लागतात. परीक्षकाला उशीर झालेला एक मुलगा दिसतो, पण आधीच हललेले पाच जण त्याहून ठळक दिसतात. यावर माझा एकच उपाय आहे. सरावात मधली शांतता कधी एक सेकंद, कधी तीन सेकंद ठेवा. कधी ‘दाहिने’ म्हणा आणि ‘मुड’ म्हणूच नका, सरळ ‘जैसे थे’ म्हणा. ‘जैसे थे’ म्हणजे दिलेला हुकूम रद्द, पहिल्या स्थितीत या. आमच्या भागात हे दोन शब्द वर्तमानपत्रात सीमाप्रश्नाच्या बातमीत इतक्या वेळा छापून येतात की हा एक हुकूम मला कुणालाच समजावून सांगावा लागलेला नाही.

टोली कदवार लावणं

स्पर्धेत किती मुलं हवीत, किती मिनिटं मिळतील, कुठले हुकूम द्यायचे, हे त्या त्या वर्षीच्या सूचनापत्रात येतं. ते पत्र आलं की आधी टोलीच्या नायकाला वाचायला द्या, स्वतःच्या खिशात ठेवू नका. आकडा ठरल्यावर दोन-तीन मुलं जादा घ्या. ताप, परीक्षा, मामाचं लग्न, काही तरी येतंच.

मग टोली उंचीनुसार लावायची. एन.सी.सी.त याला कदवार म्हणतात, आणि ही रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. पहिला हुकूम, ‘लम्बा दाहिने, छोटा बाएँ, एक लाइन में कदवार’. सगळे एका रांगेत, उंच उजवीकडे. मग ‘गिनती कर’. मग विषम आकड्याचे एक पाऊल पुढे, सम आकड्याचे एक पाऊल मागे. आता नंबर एक जागेवर उभा, बाकीचे विषम उजवीकडे वळतात, सम डावीकडे. तीन रांगा करण्याचा हुकूम आणि ‘तेज चल’ मिळालं की तीन नंबरचा मुलगा एकच्या मागे मधल्या रांगेत, पाच नंबरचा त्याच्या मागे शेवटच्या रांगेत, सात नंबरचा एकच्या डाव्या बाजूला, असं भरत जातं. विषमांच्या शेपटाला सम नंबरवाले वळसा घालून जोडले जातात, त्यांतला सगळ्यात बुटका पुढे आणि सगळ्यात उंच शेवटी. परिणाम असा की दोन्ही टोकांना उंच मुलं, मधोमध बुटकी. लांबून बघणाऱ्याला टोलीची वरची रेघ वाटीसारखी गोलसर दिसते.

हे पहिल्यांदा करताना गोंधळ होणारच. कागदावर तेहेतीस ठिपके काढून मुलांनाच सोडवायला द्या. गणितात कच्ची म्हणून मागच्या बाकावर बसणारी पोरं हे कोडं पटकन सोडवतात, असा माझा अनुभव आहे.

‘गिनती कर’चा सापळा वेगळाच. गिनतीही हिंदीतच. पाचपर्यंत सगळं सुरळीत जातं, सहावा मुलगा जोरात ‘सहा!’ म्हणतो. कन्नड मुलगा असला तर ‘आरु!’ पुढे ‘नौ’च्या जागी ‘नऊ’, ‘ग्यारह’च्या जागी ‘अकरा’. तीन रांगांत उभं असताना गिनती पहिल्या रांगेचीच होते, म्हणून ‘ग्यारह’पर्यंतच काम भागतं, पण कदवार लावताना एका रांगेत 33 पर्यंत जावं लागतं. तिथं ‘उन्नीस’ आणि ‘उनतीस’ म्हणताना भली भली अडखळतात. एकोणीस-एकोणतीसच्या जागेवर कोण येतो ते ठरलेलंच असतं, त्या दोघांकडून हा एकेक शब्द रोज पाच वेळा म्हणवून घ्या. शेवटचा मुलगा ‘तैंतीस’ म्हणतो की ‘तेहेतीस’, हेही बघा. आकडा म्हणताना मान डावीकडे वळवायची नाही, चेहरा समोर, आवाज समोर.

उभ्या उभ्या

सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, पंजे सुमारे 30 अंशांत उघडे, गुडघे ताठ, मुठी बंद, अंगठे समोर, पँटच्या शिवणीला लागून. नजर स्वतःच्या उंचीवर. विश्राममध्ये डावा पाय 12 इंच डावीकडे, हात मागे, डाव्या हातावर उजवा. एवढंच. पण या ‘एवढंच’मध्ये सगळी टोली उघडी पडते, कारण परीक्षक सगळ्यात जास्त वेळ टोलीला उभं असलेलं बघतो.

विश्राममध्ये पाय किती लांब जातो हे प्रत्येकाचं वेगळं असतं. लांब तंगड्याचा मुलगा दीड फूट टाकतो, बुटका आठ इंच. शाळेतली 12 इंचाची लाकडी पट्टी आणा, प्रत्येकाच्या दोन टाचांमध्ये ठेवून बघा. तीन दिवसांत पाय अंतर लक्षात ठेवतो.

वळण्याचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. दाहिने मुडताना उजवी टाच आणि डाव्या पायाचा पंजा यांवर फिरायचं, बाएँ मुडताना डावी टाच आणि उजवा पंजा. नंतर मागे राहिलेला पाय उचलून टाचेला टाच मिळवायची. पीछे मुड नेहमी उजवीकडूनच, पूर्ण मागे. सुरुवातीला ‘गिनती से’ घ्या. ‘गिनती से दाहिने मुड... एक’ म्हटल्यावर फक्त फिरायचं आणि तसंच थांबायचं. तुम्ही रांगेतून फिरून प्रत्येकाचा मागचा पाय, गुडघा, खांदे बघायचे. मग ‘स्क्वाड दो’ म्हटल्यावर पाय मिळवायचा. एकच्या स्थितीत अर्धा मिनिट उभं राहता आलं नाही तर मुलगा तोल सांभाळायला कमरेतून वाकतो, आणि हेच वाकणं नंतर वेगात वळताना डोकं पुढे जाण्याच्या रूपात दिसतं. गिनतीचा हा भाग कंटाळवाणा आहे. पोरं कुरकुरतात. तरी दोन आठवडे त्यातून बाहेर पडू नका.

दोन हालचालींच्या मध्ये जो ठेहराव असतो तो मनात मोजायचा: ‘एक, दो-तीन, एक’. तो सगळ्यांचा सारखा झाला की 33 बूट एका आवाजात पडतात. सारखा नसेल तर गारा पडल्यासारखा आवाज येतो. टोलीकडे पाठ करून उभे राहा आणि फक्त आवाज ऐका. डोळ्यांनी सुटलेली चूक कानाला सापडते.

‘दाहिने सज’ला रांग सरळ करताना उजव्या टोकाचा दर्शक, म्हणजे ज्याच्याकडे बघून रांग धरायची तो मुलगा, हलत नाही, बाकीचे मान उजवीकडे वळवतात. पहिली रांग उजवा हात खांद्याच्या उंचीवर सरळ करून बंद मूठ शेजाऱ्याच्या खांद्याला लावते, मागच्या रांगा पुढच्याच्या मागे झाकून उभ्या राहतात. पाय छोटे छोटे सरकवायचे, आणि त्यालाही वेळेची हद्द असते. ‘सामने देख’नंतरही जो शेजाऱ्याकडे बघून सरकत राहतो तो दर स्पर्धेत एक तरी असतोच. त्याला शेवटच्या रांगेच्या मध्ये ठेवा. हे मी प्रामाणिकपणे सांगतो आहे, उपदेश म्हणून नाही.

चाल

तेज चाल म्हणजे मिनिटाला 120 पावलं, पाऊल 30 इंचांचं, पहिला पाय डावा. टाच आधी टेकते, हात कोपरात न वाकता खांद्यापासून झुलतो, पुढे खांद्याच्या उंचीपर्यंत, मूठ बंद, अंगठा वर.

आमच्या पोरांच्या चालीत दोन खोडी असतात, आणि दोन्ही चांगल्या घरातून आलेल्या आहेत. पहिली लेझीमची. गणपतीत, शिवजयंतीला लेझीम खेळणारा मुलगा पंजावर चालतो, प्रत्येक पावलाला थोडा उचलला जातो. तालाचा पक्का असतो, पण परेडमध्ये त्याचं डोकं वर-खाली होताना दिसतं. त्याला वेगळं काढून नुसतं ‘टाच, टाच, टाच’ म्हणत चालवा. दुसरी खोडी कॅम्प भागातून येणाऱ्या पोरांची. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर 1922 पासून बेळगावात आहे. पहाटे जवानांची पावलं ऐकतच कॅम्पातली मुलं वाढतात. लाईट इन्फंट्री म्हटलं की परंपरेनं चाल जलद. पोरांच्या कानात तो वेग बसलेला असतो आणि जोश चढला की टोली 120 वरून नकळत पुढे धावायला लागते. बँड नसलेल्या स्पर्धेत तर हमखास.

वेग मोजायला मोबाईलवर ताल देणारं ॲप लावा. मोबाईल नको असेल तर हलगी वाजवणारा मुलगा बसवा, पण त्याच्याजवळ घड्याळ ठेवा. हलगीवाल्याचा हात रंगात आला की चढतोच. आणखी एक सोपी पडताळणी आहे. 30 इंच म्हणजे 76 सेंटिमीटर. 100 मीटरच्या आखलेल्या ट्रॅकवर टोली चालवा. सुमारे 131 पावलं पडायला हवीत आणि वेळ 65-66 सेकंद. वेळ बरोबर पण पावलं 140 आली तर पाऊल आखूड आहे आणि ताल जलद आहे. मुलं घाईनं भरपाई करताहेत. पावलं बरोबर पण वेळ 60 आली तर फक्त वेग चढलाय. दोन आकडे घेतल्याशिवाय दोष कळत नाही.

पावलासाठी मैदानावर फक्कीनं 30-30 इंचांवर आडव्या रेघा मारा, निदान वीस. सकाळी मारलेली फक्की दुपारच्या खो-खोत पुसली जाते, म्हणून पी.टी.च्या सरांशी आधी बोलून घ्या. सुरुवातीला मुलं खाली रेघांकडे बघतात. तीन फेऱ्यांनंतर खाली बघायचं नाही, शेवटी थांबल्यावर टाच रेघेवर आहे का तेवढं बघायचं.

डावा हात आणि डावा पाय एकदम पुढे जाणारा मुलगा दरवर्षी एक तरी भेटतो. त्याला हसू देऊ नका. तो विचार करून चालतोय म्हणून तसं होतंय. त्याच्याशी गप्पा मारत चाला, घरी कोण कोण, गाय किती दूध देते. शंभर पावलांत हात आपोआप सुटतात. मग हळूच ‘एक-दो-एक’ सुरू करा.

थांबणं चालण्याहून अवघड. ‘थम’ हा शब्द डावा पाय जमिनीवर येताना पडतो. त्यानंतर उजवं पाऊल एक पुढे, हे ‘खाली’, म्हणजे हिंदीतलं रिकामं. मग डावा पाय ‘एक’, उजवा मिळवायचा ‘दो’. पोरांकडून मोठ्यानं ‘खाली, एक, दो’ म्हणवून घ्या. हुकूम उजव्या पायावर पडला तर अर्धी टोली एक पाऊल जादा टाकते आणि अर्धी अडखळते. दोष टोलीचा दिसतो, असतो मात्र नायकाचा. ‘थम’ला मराठी मुलं चुकत नाहीत. ‘थांब’ कानात असतोच. एखादी भाषा कधी मदतीलाही येते.

कदम तालमध्ये जागच्या जागी पाय, डाव्यापासून, मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत. इथं टोली हळूहळू पुढे सरकते. पायापुढे एकेक वीट आडवी ठेवून तिच्या मागे कदम ताल करायला लावलं की कळतं कोण सरकतो.

‘दाहिने देख’ला सलामी मंचाकडे मान आणि नजर झटक्यात वळते, हात झुलतच राहतात. फक्त प्रत्येक रांगेच्या उजव्या टोकाचा मुलगा समोर बघत राहतो. तो सरळ चालला तरच रांग सरळ राहते. त्या तीन जागांवर हुशार मुलं न ठेवता शांत मुलं ठेवा. मान वळली की पाऊलही त्या बाजूला जातं, आणि बघता बघता सगळी टोली मंचाच्या दिशेला तिरकी होते. सरावात मंचाच्या जागी एक खुर्ची ठेवा, तिच्यावर कुणाला तरी बसवा. रिकाम्या खुर्चीकडे मुलं बघत नाहीत, असंच बघितल्यासारखं करतात.

सॅल्यूटबद्दल थोडंच. एन.सी.सी.च्या आर्मी विंगचा सॅल्यूट सैन्यासारखा, पंजा समोरच्याला दिसेल असा उघडा, बोटं जुळलेली. नेव्हीची तऱ्हा वेगळी, एअर फोर्सची वेगळी. बेळगावजवळ सांबऱ्याला हवाई दलाचं स्टेशन असल्यानं काही मुलं घरी तो सॅल्यूट बघून आलेली असतात. टोलीत दोन तऱ्हा मिसळल्या तर लगेच दिसतं.

नायकाचा गळा

परीक्षकांच्या कागदावर नायकाच्या हुकमाला वेगळे गुण असतात, आणि ते नसते तरी टोली त्याच्यावरच उभी असते. आवाज मोठा असलेला मुलगा निवडू नका. शब्दाचे तुकडे स्वच्छ तोडणारा निवडा. मोठा आवाज येतो, स्वच्छता यायला वर्ष लागतं.

हुकूम पोटातून द्यायचा. त्याला भिंतीपासून पन्नास पावलं दूर उभा करा आणि भिंतीपाशी एक मुलगा ठेवा. घसा न ताणता भिंतीपाशी शब्द पोहोचला पाहिजे. घसा ताणून ओरडणाऱ्याचा आवाज स्पर्धेच्या सकाळी बसतो. गूळ-आलं देऊन तो उघडत नाही, मी सगळं करून बघितलंय. सरावात दर वीस मिनिटांनी पाणी, आणि आदल्या दिवशी शाळेच्या सामन्यात ओरडायची बंदी.

चालत्या टोलीला हुकूम देताना नायकाची जीभ टोलीच्या पायाशी बांधलेली हवी. त्यानं मनात सतत ‘बायाँ, दाहिना’ चालू ठेवायचं. माझी रीत अशी: पहिले पंधरा दिवस तो एकही हुकूम देत नाही, टोलीच्या बाजूनं चालतो आणि डावा पाय पडला की फक्त चुटकी वाजवतो. चुटकी पायाबरोबर पडू लागली की चुटकीच्या जागी शब्द येतो.

नायक चुकला तर? चुकीचा हुकूम तोंडातून गेला आणि अंमलाचा शब्द अजून दिलेला नसेल तर ‘जैसे थे’ म्हणून पुन्हा द्यावा. अंमलाचा शब्द गेला असेल तर टोलीनं जे ऐकलं तेच करायचं. एका वर्षी आमच्या नायकानं ‘बाएँ’च्या जागी ‘दाहिने’ दिलं. अर्ध्या टोलीला ठरलेला क्रम पाठ होता म्हणून ती डावीकडे वळली, अर्धी ऐकून उजवीकडे. सगळे एकत्र चुकले असते तर एक चूक मोजली गेली असती. त्यानंतर मी क्रम पाठ करून घेणं बंद केलं. दर सरावाला क्रम बदलतो. स्पर्धेचा ठरलेला क्रम फक्त नायकाला माहीत असतो.

मंचासमोर जाऊन द्यायचा रिपोर्ट हिंदीतच असतो, त्यात टोलीचा आकडा येतो. म्हणजे पुन्हा ‘तैंतीस’. हे वाक्य नायकानं रोज म्हणावं, पण पाठ केलेल्या कवितेच्या चालीत नको.

वर्दी

वर्दीवर पानं भरता येतील, पण मोजकंच सांगतो. टोपीचा पट्टा कपाळावर आडवा सरळ, भुवईच्या साधारण एक इंच वर, बिल्ला डाव्या डोळ्याच्या रेषेत. पितळी बक्कल ब्रासोनं आदल्या रात्री, सकाळी नुसतं कोरड्या फडक्यानं. केस आठवडा आधी कापा, आदल्या दिवशी नको. ताज्या कापलेल्या केसांवर टोपी सैल होते. बुटाच्या नाड्या सगळ्यांच्या एकाच पद्धतीनं ओवलेल्या असू देत. उधार घेतलेला बूट एक नंबर मोठा असतो, आणि ‘थम’च्या दुसऱ्या ठोक्याला टाच आतून घसरते. मोजे दोन घालायला सांगा.

खेड्यातली मुलं पहाटेची लाल बस पकडून येतात आणि बहुतेक वेळा न खाता. उन्हात अर्धा तास सावधानमध्ये उभं राहून चक्कर येण्याचं खरं कारण तेच असतं. तासभर आधी उप्पीट किंवा भाकरी पोटात हवी, पाणी थोडं थोडं. उभं असताना गुडघे मागे दाबून कुलूप लावल्यासारखे ठेवू नयेत. बुटाच्या आत बोटं हलवत राहावीत, बाहेर काही दिसत नाही. तरी कुणाला डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्यानं खाली बसावं. मागच्या-पुढच्यानं हलायचं नाही, हेही आधीच ठरवून ठेवा. नाही तर एकाला सावरायला चौघं वाकतात.

कुंदा वगैरे बेळगावी गोडधोड नंतर.

विसर्जन

शेवटचे दोन हुकूम मुलं एकमेकांत मिसळतात. ‘लाइन तोड’ म्हणजे थोड्या वेळासाठी मोकळे, पुन्हा यायचं आहे. ‘विसर्जन’ म्हणजे परेड संपली: उजवीकडे वळायचं, सॅल्यूट करायचा आणि चालत बाजूला जायचं. गणपतीच्या दिवसांत हा शब्द दिला की मागच्या रांगेतून हळूच ‘पुढच्या वर्षी लवकर या’ ऐकू येतं, आणि सगळी शिस्त तिथंच बुडते. स्पर्धेत तुमची वेळ टोली मैदानाबाहेर जाईपर्यंत चालू असते, म्हणून तो आवाज सरावातच बंद झाला पाहिजे.

आणि बघा, ‘विसर्जन’लाही उजवीकडेच वळायचं असतं. त्यात ‘दाहिने’ हा शब्द नाही. इतक्या वर्षांत मी त्या हुकमाला एकही पोरगा डावीकडे वळलेला पाहिलेला नाही, ना मराठी ना कन्नड.